अनुदानाचे जंगल : 'जॉइनिंग द डॉट्स' या अहवालाचे अर्थविषयक वाचन

शासकीय अहवाल हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही कल्पना आपल्या विद्यापीठीय वर्तुळात अद्याप रुजलेली नाही. अहवालाची अंमलबजावणी झाली की नाही यावर चर्चा होते. परंतु एक संहिता म्हणून त्याची मांडणी कशी आहे, कोणत्या प्रश्नाला त्याने किती जागा दिली आणि कोणता प्रश्न समासात ठेवला, असे वाचन क्वचितच होते. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, प्राणिशास्त्र आणि मराठी हे विभाग एकाच इमारतीत नांदत असतानाही अशा संहिता कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. व्याघ्र कृती दलाने ऑगस्ट २००५ मध्ये सादर केलेला 'जॉइनिंग द डॉट्स' हा अहवाल अशा दुर्लक्षित संहितांपैकी एक आहे. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि व्याघ्र प्रकल्प यांना शासनाने पैसा कसा द्यावा, याची आजची चौकट बऱ्याच अंशी या अहवालानंतर घडली. म्हणून त्याचे वाचन निधीच्या अंगाने करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. वाघ आणि माणूस यांच्या सहजीवनाविषयीचा त्यातील प्रसिद्ध वाद येथे प्रसंगापुरताच येईल.

अहवालाची पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, हे २००४ च्या अखेरीस व २००५ च्या आरंभी उघड झाले. त्यानंतर एप्रिल २००५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली हे दल नेमले. माधव गाडगीळ, एच. एस. पंवार, समर सिंह आणि वाल्मिक थापर हे त्याचे अन्य सदस्य होते. थापर यांनी अहवालास आपले भिन्न मत जोडले. पुढील चर्चा प्रामुख्याने त्या भिन्न मताभोवतीच फिरत राहिली. वाघांसाठी निर्मनुष्य क्षेत्र हवे की स्थानिकांना सोबत घेऊन संरक्षण व्हावे, या द्वंद्वाने वृत्तपत्रांचे रकाने भरले. पैशाविषयी अहवाल काय म्हणतो, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

पैशाविषयी अहवालाचा मुख्य निष्कर्ष धाडसी आहे. सरिस्का निधीअभावी रिकामे झाले नाही, असे तो सांगतो. तेथे कर्मचारी होते, खर्चही होत होता, आणि तरीही वाघ गेले. तेव्हा अधिक पैसा, अधिक पहारेकरी आणि अधिक बंदुका या त्रिसूत्रीने प्रश्न सुटणार नाही. संस्थात्मक रचना, उत्तरदायित्व आणि स्थानिक जनतेचा सहभाग यांकडे वळले पाहिजे, अशी त्याची दिशा आहे. संवर्धनवाद्यांच्या नेहमीच्या 'निधी अपुरा आहे' या तक्रारीला दिलेले हे उत्तर आवश्यकच होते, यात शंका नाही. तथापि 'किती पैसा' हा प्रश्न बाजूला सारताना 'केव्हा' आणि 'कोणत्या लेखाशीर्षाखाली' हे दोन प्रश्नही त्याच्याबरोबर मागे पडले. अहवालाच्या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी ते येत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते, अहवालानंतरच्या वीस वर्षांत जे घडले आणि जे घडू शकले नाही, त्याचे मूळ या उणिवेत आहे.

येथे मराठी भाषेतील एका योगायोगाकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. इंग्रजीत 'प्रोजेक्ट टायगर' ही योजना आणि 'टायगर रिझर्व्ह' हे स्थान, असे दोन भिन्न शब्दप्रयोग आहेत. मराठीत मात्र दोहोंना आपण 'व्याघ्र प्रकल्प' असेच म्हणतो. १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेली केंद्राची योजना हा व्याघ्र प्रकल्प, आणि त्या योजनेतील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असलेले मेळघाट हाही व्याघ्र प्रकल्पच. भाषाशुद्धीच्या दृष्टीने हा गोंधळ वाटेल. परंतु अर्थसंकल्पाच्या दृष्टीने मराठीचा हा शब्दप्रयोग विलक्षण अचूक आहे. सिपना, खापरा, गाडगा या नद्या ज्या डोंगररांगांतून वाहतात ते जंगल शासनाच्या हिशेबात जंगल म्हणून येत नाही. ते एका योजनेची बाब म्हणून येते. योजनेला मुदत असते, तिचा फेरआढावा होतो, ती दुसऱ्या योजनेत विलीन होते. मध्यंतरी 'एकात्मिक वन्यजीव अधिवास विकास' ही छत्री-योजना आली, पुढे २०२३-२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आणि हत्ती प्रकल्प यांचे एकत्रीकरण झाले. जंगल तेथेच राहिले, त्याचे लेखाशीर्ष मात्र बदलत गेले.

आवर्ती आणि अनावर्ती

व्याघ्र प्रकल्पाच्या निधीचे स्वरूप समजण्यासाठी आवर्ती व अनावर्ती हा भेद ध्यानात घ्यावा लागतो. प्रारंभीच्या वर्षांत दोन्ही प्रकारचा खर्च केंद्र शासन पूर्णतः उचलत असे. १९८० नंतर अनावर्ती खर्च पूर्णपणे केंद्राचा आणि आवर्ती खर्चाचा निम्मा भार राज्याचा, अशी विभागणी झाली व ती सुमारे पस्तीस वर्षे टिकली. रस्ते, इमारती, मनोरे, वाहने, बिनतारी संदेशयंत्रणा या गोष्टी अनावर्ती होत. गस्तीवरील रोजंदारी मजुरांचे वेतन, वणव्यापासून संरक्षण, पाणवठ्यांची देखभाल, वाहनांचे इंधन व दुरुस्ती या गोष्टी आवर्ती होत. वनरक्षक, वनपाल आदी नियमित कर्मचाऱ्यांचे वेतन तर राज्याच्याच तिजोरीतून निघते.

या विभागणीचा अर्थ राज्याच्या वित्त विभागाच्या खुर्चीत बसून पाहिला म्हणजे चटकन लक्षात येतो. निरीक्षण मनोरा उभारला तर संपूर्ण पैसा केंद्राचा. त्या मनोऱ्यावर बसणाऱ्या मजुराच्या रोजंदारीचा निम्मा पैसा मात्र राज्याचा. जीप घेतली तर केंद्राची, तिच्यात घातलेले डिझेल निम्मे आपले. कोणताही सावध वित्त अधिकारी अशा वेळी बांधकामाचा प्रस्ताव पुढे पाठवील आणि चालण्याचा प्रस्ताव थांबवून ठेवील. त्यात त्याचा दुष्टावा नाही. योजनेचे गणितच त्याला तसे सुचवते. जंगलाचे संरक्षण तर बहुतांशी पायी चालण्यात असते. नियतक्षेत्रातून रोज ठराविक वाटेने जाणारा वनरक्षक आणि त्याच्यासोबतचा गावातला मजूर, हेच खरे संरक्षण. अशा प्रकारे जे बांधता येते त्यासाठी पूर्ण पैसा आणि जे चालावे लागते त्यासाठी निम्मा पैसा, अशी उलटी प्रतवारी कोणाच्याही वाईट हेतूविना तीन दशकांहून अधिक काळ रूढ झाली. 'पैसा होता, तरी वाघ गेले' या विधानाची तपासणी या प्रकाशात करावयास हवी होती. पैसा होता हे खरे. पण त्या पैशाचा कल कशाकडे होता? अहवालाने जमाखर्चाची बेरीज पाहिली, तिचा कल मात्र पुरेसा पाहिला नाही.

२०१५-१६ मध्ये केंद्र पुरस्कृत योजनांची पुनर्रचना झाली, तेव्हा ईशान्येकडील व हिमालयीन राज्ये वगळता अन्य राज्यांवर अनावर्ती खर्चाचाही चाळीस टक्के भार आला. त्यामुळे वरील विसंगती काहीशी कमी झाली. पण ती दूर झाली कशी, तर राज्याचा भार वाढवून!

पैसा केव्हा येतो

आता वेळेचा प्रश्न. शासनाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते व ३१ मार्चला संपते. जंगलाचे वर्ष वेगळे असते. महाराष्ट्रातील पानझडी जंगलांत वणव्याचा हंगाम वन विभागाच्या गणनेनुसार १५ फेब्रुवारी ते १५ जून असा असतो. त्यापूर्वी, म्हणजे हिवाळ्यातच, जाळरेषा तोडून व जाळून तयार ठेवाव्या लागतात. ठराविक रुंदीचा पट्टा गवत-पाचोळ्यापासून मोकळा केला की एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जात नाही. फेब्रुवारी उलटल्यावर जाळरेषा जाळावयास घेतली तर तीच वणव्याचे कारण ठरण्याचा धोका असतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे भरावे लागतात, कारण त्याच काळात प्राणी आणि शिकारी दोघेही पाण्याशी येतात. पावसाळ्यात रस्ते बंद होतात, पर्यटन थांबते, आणि जंगलात परकी नजर उरत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमधील पायी गस्त ही वर्षातील सर्वांत महत्त्वाची गस्त होय.

या ऋतुचक्रावर निधीचे चक्र ठेवून पाहावे. क्षेत्र संचालक वार्षिक कार्य आराखडा तयार करतो. तो राज्याच्या मुख्यालयामार्फत केंद्राकडे जातो. छाननीनंतर मंजुरी मिळते. पहिला हप्ता राज्याच्या कोषागारात येतो. राज्य आपला वाटा घालून तो पुढे सोडते. पुढच्या हप्त्यासाठी मागील खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. या साखळीतील प्रत्येक कडी स्वतंत्रपणे पाहिली तर समर्थनीय आहे. लेखापरीक्षकाला तिच्यात दोष सापडणार नाही. परंतु नवे वर्ष १ एप्रिलला उजाडते, तेव्हा वणव्याचा हंगाम निम्मा सरत आलेला असतो आणि जुन्या वर्षाचा पैसा ३१ मार्चला व्यपगत झालेला असतो. जेव्हा आग सर्वाधिक आणि पाणी सर्वांत कमी, नेमका तोच काळ मंजुरीच्या प्रतीक्षेचा काळ ठरतो. उलटपक्षी हप्ता वर्षाच्या उत्तरार्धात हाती पडला की तो मार्चअखेर संपवण्याची घाई होते. आणि घाईने संपवता येणारी गोष्ट म्हणजे पुन्हा बांधकाम. रोजंदारीचे दिवस मागील तारखेने चालता येत नाहीत. (कागदावर चालता येतात, हा भाग वेगळा.)

मधल्या काळात काम थांबत नाही, कारण आग मंजुरीची वाट पाहत नाही. मग वनपरिक्षेत्र अधिकारी उधारीवर डिझेल घेतो, मजूर दोन-तीन महिने मजुरीवाचून चालतो, किराणा दुकानदार धान्य देतो. ज्या आदिवासी वा शेतमजूर कुटुंबातील तरुणाला 'संवर्धनात स्थानिकांचा सहभाग' म्हणून कामावर घेतलेले असते, त्याच्याच घरची चूल शासनाला बिनव्याजी उधार देत राहते. सहभागाविषयी इतक्या आस्थेने बोलणाऱ्या अहवालात या उधारीचा विचार युक्तिवादाच्या मध्यभागी यावयास हवा होता. स्थानिकांचा विश्वास ही अमूर्त गोष्ट नव्हे. महिन्याची मजुरी महिन्याला मिळते की नाही, यावर तो ठरतो.

व्यवस्थापन परिणामकारकता मूल्यमापनाच्या पद्धतीत निधीची पर्याप्तता व त्याची वेळेवर उपलब्धता हा एक निकष समाविष्ट आहे, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु या मूल्यमापनात गुण मिळतात ते प्रकल्पाला. निधी उशिरा सोडणाऱ्या मंत्रालयीन कक्षाला गुण देण्याची पद्धत अजून निघालेली नाही. २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांसाठी एकल नोडल खात्याची पद्धत आली, त्यामुळे पैसा कोठे पडून आहे हे दिसू लागले. तो पडून का आहे, हे विचारण्याचा अधिकार मात्र मेळघाटातील वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला त्यामुळे मिळालेला नाही.

कायदा, प्राधिकरण आणि फाटक

अहवालाच्या शिफारशींतून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २००६ साली दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले. प्रशासकीय योजनेला वैधानिक आधार मिळाला. हे अहवालाचे निर्विवाद यश आहे. परंतु या वैधानिकतेची मर्यादाही पाहावी. कायद्याने व्याघ्र संवर्धन आराखडा करणे राज्यावर बंधनकारक केले. त्या आराखड्याचा खर्च भागवणे मात्र तितक्याच ठामपणे कोणावरही बंधनकारक केले नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने व वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत गेले, तेव्हापासूनची ही स्थिती आहे : जमीन राज्याची, कायदा दोघांचा आणि पैसा मर्जीचा. अनुदान या शब्दातच दान आहे. दान मागता येते, त्यावर हक्क सांगता येत नाही.

वित्त आयोगांनी या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला, याचा उल्लेख केला पाहिजे. बाराव्या आयोगाने वनांसाठी १,००० कोटी रुपयांचे आणि तेराव्याने ५,००० कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. चौदाव्या आयोगाने याहून पुढे जाऊन राज्यांमधील करवाटपाच्या सूत्रातच वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला व पंधराव्याने तो वन व परिस्थितिकी या नावाने १० टक्के केला. तत्त्वतः ही क्रांतिकारक गोष्ट आहे, कारण येथे दान संपून वाटा सुरू होतो. पण हा वाटा राज्याच्या सर्वसाधारण निधीत जातो आणि तो जंगलावरच खर्च करण्याचे बंधन नाही. जंगल राखल्याबद्दल राज्याला पैसा मिळतो; राखणाऱ्या वनरक्षकापर्यंत तो पोहोचेलच असे नाही.

मूळ अहवालाकडे परत यायचे तर, निधीबाबत त्याची सर्वांत ठोस सूचना पर्यटनाविषयीची होती. प्रकल्पाच्या सीमेपासून पाच किलोमीटरच्या आतील हॉटेलांनी आपल्या उलाढालीचा तीस टक्के हिस्सा प्रकल्पासाठी द्यावा, असे अहवालाने सुचवले. ही सूचना त्या स्वरूपात कधीच अंमलात आली नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनावर काही काळ बंदी घातली, त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पर्यटन उद्योगाकडून संवर्धन शुल्क घेण्याची तरतूद झाली. दर ठरवणे मात्र राज्यांवर सोपवले गेले. तीस टक्क्यांचा ठाम आकडा अशा रीतीने राज्यांच्या मर्जीवर येऊन थांबला.

याउलट व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान ही कल्पना यशस्वी झाली. केरळमधील पेरियार येथे २००४ मध्ये असे प्रतिष्ठान स्थापन झालेच होते. २००६ च्या दुरुस्तीतील कलम ३८ एक्स ने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी ते विहित केले. फाटकावर जमा होणारे प्रवेशशुल्क पूर्वी राज्याच्या तिजोरीत जाई. आता ते प्रतिष्ठानात राहून त्याच प्रकल्पासाठी व परिसरातील गावांसाठी वापरता येते. वर वर्णिलेल्या कालचक्राच्या जाचातून सुटण्याचा हा एकमेव व्यवहार्य मार्ग ठरला. प्रतिष्ठानचा पैसा ३१ मार्चला व्यपगत होत नाही, जाळरेषेसाठी हिवाळ्यात काढता येतो, मजुरी वेळेवर देता येते. ताडोबा-अंधारी प्रकल्पाच्या सुस्थितीमागे या लवचिकतेचा वाटा मोठा आहे, हे कोणीही जाणकार मान्य करील.

तरीही या यशाची दुसरी बाजू आहे. प्रतिष्ठानाने प्रकल्पाला मिळवण्याची क्षमता दिली. मिळण्याचा हक्क दिला नाही. ज्या जंगलात वाघ दिसतो तेथे फाटकावर रांग लागते, आणि जेथे रांग लागते तेथे पैसा जमतो. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या घनदाट सदाहरित रानात जिप्सीतून वाघ दाखवण्याची हमी कोणीही देणार नाही. पण कृष्णा-कोयनेच्या पाणलोटाचे मोल ताडोब्याच्या वाघापेक्षा कमी कसे मानायचे? ते मोल फाटकावर वसूल होत नाही, इतकेच. शासनाच्या जबाबदारीचा काही भाग अशा रीतीने न बोलता पर्यटकाच्या खिशाकडे सरकला आणि संरक्षित क्षेत्रांत श्रीमंत व गरीब असे वर्ग पडले.

पुनर्वसनाची रक्कम

अहवालाने पुनर्वसनाच्या हिशेबावर जे लिहिले आहे, ते त्याचे सर्वांत प्रामाणिक पान म्हणावे लागेल. तोपर्यंतच्या तीन दशकांत व्याघ्र प्रकल्पांतून सुमारे ८० गावांचेच पुनर्वसन झाले होते, तर २८ प्रकल्पांत मिळून दीड हजारांच्या आसपास गावे होती. प्रति कुटुंब एक लाख रुपये ही त्या वेळची रक्कम तुटपुंजी होती, आणि उरलेल्या सर्वांना हलवण्याची भाषा करणाऱ्यांनी पैशाचा व जमिनीचा हिशेब मांडलेलाच नव्हता. तो हिशेब अहवालाने मांडला, त्यामुळेच २००८ मध्ये ही रक्कम दहा लाखांवर गेली.

मात्र त्यानंतर २०२१ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, केंद्राच्या निकषातील रक्कम तीच राहिली. मग ती पंधरा लाख झाली. या तेरा वर्षांत अकोट वा अचलपूर परिसरातील जमिनीचे भाव काय झाले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी उठलेल्या गावाला आणि बाराव्या वर्षी उठलेल्या गावाला एकच आकडा मिळाला, पण एकच मोबदला मिळाला असे म्हणता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये मेळघाटातील पुनर्वसित कुटुंबे केलपाणी, गुल्लरघाट या आपल्या जुन्या गावठाणांकडे परतली आणि तेथे वन कर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. त्या घटनेकडे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणूनच पाहिले गेले. ती अर्थसंकल्पीय घटनाही होती. आश्वासित सुविधा म्हणजे निरनिराळ्या विभागांच्या लेखाशीर्षांत विखुरलेला पैसा असतो. वन विभाग गाव उठवतो, पण नव्या गावातील पाणी, शाळा, रस्ता आणि सातबारा अन्य विभागांकडे असतात. ठिपके जोडण्याचे नाव घेतलेल्या अहवालाला हे ठिपके जोडता आले असते.

भंगातून येणारा निधी

अहवालाच्या काळात ज्याचे पूर्ण स्वरूप दिसले नव्हते असा एक निधी आज सर्वांत मोठा आहे. गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून प्रतिपूर्ती वनीकरण निधी उभा राहिला. वनजमीन खाण, रस्ता वा धरणासाठी वळवताना तिचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. मार्च २००८ च्या आदेशानुसार हे मूल्य वनाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते. अभयारण्यासाठी त्याच्या पाचपट व राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. २०१६ मध्ये याविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ४७,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम राज्यांकडे हस्तांतरित झाली. संरक्षित क्षेत्रातील जमिनीपोटी आलेला पैसा संरक्षित क्षेत्रांतच जैवविविधता व्यवस्थापन आणि स्वेच्छा पुनर्वसनासाठी खर्चावा, अशी तरतूद या कायद्यात आहे.

तरतूद न्याय्य आहे, आणि तीच अस्वस्थ करणारी आहे. दहापट मूल्य हे निवारक म्हणून योजलेले होते. व्यवहारात ते दरपत्रकही ठरते. अखंड राहिलेल्या अभयारण्यासाठी राज्याने वार्षिक योजनेतून याचना करावयाची आणि ज्यातून महामार्ग गेला त्याच्या वाट्याला मात्र ठोस रक्कम यावी, ही रचना कोणत्या संवर्धनाला प्रोत्साहन देते, याचा विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य करावा.

माळावर न उघडणारी छत्री

वाघाला दिलेला पैसा सर्वांनाच मिळतो, असा युक्तिवाद व्याघ्र प्रकल्पाच्या समर्थनार्थ नेहमी केला जातो. वाघ ही छत्री आहे. तिच्याखाली सांबर, रानगवा, साग, नदी सारेच सुरक्षित राहते. मेळघाटापुरते हे खरे आहे. पण ही छत्री माळावर उघडत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील गवताळ माळ माळढोक पक्ष्यामुळे देशभर प्रसिद्ध झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाच्या पैशातून या भागात चराईपासून राखलेले गवताचे भूखंड तयार झाले होते, आणि माळढोक त्यांचा आश्रय घेऊ लागला. म्हणजे पक्ष्याला पहिले संरक्षण मिळाले ते पक्ष्यासाठी नसलेल्या निधीतून. पुढे १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदे, नेवासे असे तालुकेच्या तालुके या रेषेत आले. त्यातील फार मोठा भाग खासगी शेतजमिनीचा होता. वन विभागाच्या ताब्यात होते ते माळाचे तुकडे.

अभयारण्याची घोषणा करण्यास कागद लागतो. ते प्रत्यक्षात आणण्यास कायद्यानुसार हक्कांची चौकशी, निवाडा आणि भूसंपादनाचा मोबदला लागतो. या प्रलंबित चौकश्या एका वर्षात पूर्ण कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सर्व राज्यांना सांगितले होते. आठ हजार चौरस किलोमीटरचा मोबदला देण्याची कुवत वा इच्छा कोणत्याही अर्थसंकल्पात नव्हती. तेव्हा पैसा न देता फक्त निर्बंध दिले गेले. खरेदी-विक्री अडली, कामे अडली, आणि ज्या शेतकऱ्याच्या जोंधळ्याच्या शेतात माळढोक निःशंकपणे फिरत असे तो शेतकरी पक्ष्याच्या नावाने बोटे मोडू लागला. २०१२ मध्ये क्षेत्राची फेररचना होऊन ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर, म्हणजे मूळच्या सातव्या हिश्श्यावर आले. तेहतीस वर्षांच्या निर्बंधांची भरपाई कोणालाही मिळाली नाही. शेतकऱ्याला नाही आणि पक्ष्यालाही नाही.

येथे व्याघ्र प्रकल्प नाही, म्हणून प्राधिकरण नाही. प्राधिकरण नाही, म्हणून वैधानिक आराखडा व प्रतिष्ठान नाही. फाटक आहे, पण त्यावर रांग नाही, कारण माळावर पाहावयास येणारे थोडे आणि आज तेथे माळढोकाचे दर्शन होणे ही वृत्तपत्रातील बातमी ठरते. २००५ च्या अहवालाने उभारलेल्या निधिरचनेचा एकही दुवा नान्नजपर्यंत पोहोचत नाही. वाघांसाठी नेमलेल्या दलाने माळढोकाचा विचार का करावा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेप औपचारिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु त्या अहवालानंतर संरक्षित क्षेत्रांच्या निधीविषयी तितक्या गांभीर्याने दुसरे काही लिहिले गेले नाही, आणि धोरण त्याच्याच पाऊलवाटेवरून चालत राहिले. म्हणून त्याने न पाहिलेल्या प्रदेशाचा जाब त्यालाच विचारावा लागतो.

माळढोकासाठी पुढे केंद्राने पैसा दिला तो राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात उभारलेल्या प्रजनन केंद्राला, आणि तो आला राष्ट्रीय प्रतिपूर्ती वनीकरण निधीतून. अन्यत्र तोडल्या गेलेल्या जंगलाच्या किमतीतून गवताळ माळावरच्या पक्ष्याची अंडी उबवली जात आहेत. नान्नजचे गवताचे भूखंड मात्र आजही राज्याच्या वार्षिक तरतुदीवर अवलंबून आहेत, आणि तेथील हंगामी राखणदाराची मजुरी किती दिवसांनी निघते, हा प्रश्न कोणत्याही अहवालाचा विषय झालेला नाही.